बरोबरीनं चालताना

(गंगापूर रोड, नाशिक इथल्या स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)

नाशिकमध्ये एका चौकाचं नाव मॅरेथॉन चौक आहे. बाकीच्या चौकांना संतांची, पुढाऱ्यांची नाहीतर जवळच्या सिनेमागृहाची नावं. इथं मात्र बेचाळीस किलोमीटरच्या दमछाकीचं. गंगापूर रोडवर मराठा विद्या प्रसारक समाजाचा मोठा पसारा आहे. या संस्थेची मॅरेथॉन वर्षानुवर्षं भरत आली आणि त्या ओघात चौकाला हे नाव चिकटलं. रिक्षावाल्याला ते सांगताना आता कुणाला काही वाटत नाही. आजचा विषय मात्र मॅरेथॉनच्या दुसऱ्या टोकाचा आहे. शाळकरी मुलं धावत नाहीत, नुसती चालतात, तेव्हा त्यांच्या शरीराला किती कष्ट पडतात आणि मुलाच्या वजनानुसार ते कष्ट किती बदलतात, एवढाच प्रश्न.

मे महिन्यातली एखादी सकाळ डोळ्यांपुढं आणावी. सुट्टीत एकत्र जमलेले आतेभाऊ-मामेभाऊ, दोघंही दहा वर्षांचे, उंचीला सारखेच. त्यांना सोमेश्वरच्या दिशेनं फिरायला घेऊन निघालेला एक गृहस्थ, एकाचा मामा, दुसऱ्याचे बाबा. मनगटावरचं घड्याळ ताशी पाच किलोमीटर दाखवतंय. भाचा आयपीएलच्या गुणतक्त्यावर अखंड बोलतोय. मुलगा दहा पावलं मागं आहे, गप्प आहे, त्याची कानशिलं लाल झालीत आणि टी-शर्ट पाठीला चिकटलाय. बाबा वळून म्हणतात, ‘‘अरे, पाय उचल की जरा! तो बघ कसा चालतोय. आळस नुसता भरलाय अंगात.’’

या चित्रात चुकीचं एकच वाक्य आहे, आणि ते बाबांचं आहे. मागं पडलेला मुलगा त्या क्षणी पुढच्यापेक्षा जास्त व्यायाम करतो आहे. घड्याळ वेग मोजतं, कष्ट मोजत नाही. दोघं एकाच वेगानं चालले म्हणजे दोघांना सारखाच व्यायाम झाला, हे समीकरण इतकं सरळ दिसतं की ते तपासून पाहावं असं कुणाला वाटतच नाही. शाळेतल्या पीटीच्या तासाला ते चालतं, सोसायटीच्या वॉकिंग ग्रुपमध्ये चालतं, दवाखान्यातल्या ‘याला जरा भरभर चालवा’ या सल्ल्यातही चालतं.

‘भरभर चाला’ हा सल्ला मुळात मोठ्यांसाठी तयार झालेला आहे. मिनिटाला साधारण शंभर पावलं पडली की प्रौढ माणसाचा मध्यम तीव्रतेचा व्यायाम होतो, असा एक सोयीचा ठोकताळा आहे. त्यामागं हिशेब असा, की स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस दर किलो वजनामागं मिनिटाला साडेतीन मिलिलिटर ऑक्सिजन वापरतो. त्याच्या तिप्पट वापर होऊ लागला की व्यायाम ‘मध्यम’, सहापट झाला की ‘जोरदार’. लहान मुलाला हा हिशेब जसाच्या तसा लावला तर तो पहिल्याच पायरीवर फसतो. मूल स्वस्थ बसलं तरी किलोमागं मोठ्यापेक्षा जास्त ऑक्सिजन वापरतं. शरीर वाढत असतं, आणि लहान शरीराचा संसार वजनाच्या मानानं खर्चिक असतो. मोजपट्टीचा शून्यच वेगळ्या ठिकाणी असेल तर पुढची मापं कशी जुळणार? कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात मुलांच्या व्यायामशास्त्राचा पाया घालणारे डॉक्टर ओडेड बार-ओर यांनी हीच गोष्ट आयुष्यभर सांगितली, की मूल म्हणजे छोट्या मापाचा प्रौढ नव्हे.

वजनाकडं जाण्याआधी पायांकडं पाहायला हवं, कारण पहिला घोटाळा तिथंच होतो.

एकोणिसाव्या शतकात विल्यम फ्रूड नावाचा एक इंग्रज अभियंता जहाजांच्या छोट्या प्रतिकृती पाण्यात ओढून पाहत असे. लहान होडीची आणि मोठ्या जहाजाची तुलना कोणत्या वेगाला करावी, हा त्याचा प्रश्न. त्यानं काढलेलं गुणोत्तर पुढं मॅक्नील अलेक्झांडर या प्राणिशास्त्रज्ञानं चालणाऱ्या प्राण्यांना लावलं, आणि दगडात उमटलेल्या पावलांवरून डायनासोर किती वेगानं चालत असतील याचाही अंदाज बांधला. त्यातलं सार एवढंच, की चालण्याचा सोयीचा वेग पायाच्या लांबीच्या वर्गमुळानुसार बदलतो. बाबांचा पाय कमरेपासून जमिनीपर्यंत ९० सेंटिमीटर आणि पहिली-दुसरीतल्या मुलीचा ६० सेंटिमीटर असेल, तर बाबांचे ताशी पाच किलोमीटर म्हणजे तिचे चार. तिनं बाबांच्या बरोबरीनं पाचानं चालायचं ठरवलं, तर तिच्या शरीराच्या दृष्टीनं ती बाबांच्या ताशी सहा किलोमीटरनं चालते आहे. माणूस चालणं सोडून पळायला लागतो तो वेगही असाच ठरतो. बाबांना ताशी साडेसात किलोमीटरच्या आसपास पळावंसं वाटेल, तिला सव्वासहालाच. बाजारात आईचा हात धरलेलं मूल मधूनच दुडक्या चालीनं पळतं ते खोडीनं नव्हे. आईचा चालण्याचा वेग त्याच्या पळण्याच्या वेगात जाऊन बसलेला असतो.

म्हणूनच मिनिटाला शंभर पावलांचा ठोकताळा लहान मुलांना पुरत नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाला तोच मध्यम व्यायाम होण्यासाठी मिनिटाला जास्त पावलं टाकावी लागतात. वय वाढेल तसा हा आकडा खाली येतो. एकाच वर्गात, एकाच रांगेत, एकाच शिट्टीवर चालणाऱ्या चाळीस मुलांच्या पायांची लांबी सारखी नसते. उंच मुलगी आरामात चालते, बुटका मुलगा तिच्यामागं निम्मं पळत असतो, आणि पीटीच्या वहीत दोघांपुढं बरोबरची एकसारखीच खूण होते.

आता वजन. मामाबरोबरच्या त्या दोन मुलांची उंची १४० सेंटिमीटर धरू. भाच्याचं वजन ३० किलो, मुलाचं ४८. उंचीच्या वर्गानं वजनाला भागलं की भाच्याचा निर्देशांक सव्वापंधराच्या आसपास येतो, मुलाचा साडेचोवीस. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेनं २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वाढीच्या तक्त्यांवर पहिला मधल्या पट्ट्यात बसतो आणि दुसरा स्थूलतेच्या रेषेपलीकडं जातो. या तक्त्यांमागं पुण्याच्या डॉक्टर वामन आणि अनुराधा खाडिलकर यांचं मोठं काम आहे, हे जाता जाता सांगायला हवं. मुलाच्या वाढीचा विषय निघाला की नाशिकच्या दवाखान्यांतही तेच तक्ते उघडले जातात.

दोघं ताशी पाच किलोमीटरनं चालताहेत. या वयात, या वेगाला, किलोमागं मिनिटाला पंधरा-सोळा मिलिलिटर ऑक्सिजन लागतो असं धरलं, तर भाच्याला मिनिटाला साडेचारशे मिलिलिटर लागतील आणि मुलाला साडेसातशेच्या वर. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, पण प्रयोगशाळेत दिसणारं चित्र असंच असतं. इटलीतल्या व्हेरोनात क्लाउदियो माफेइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली स्थूल आणि सडपातळ मुलांना फिरत्या पट्ट्यावर चालवून-पळवून हेच पाहिलं होतं. एकाच वेगाला स्थूल मुलांचा एकूण खर्च बराच जास्त. तोच वजनानं भागला की फरक जवळपास मिटतो. याचा अर्थ, स्थूल मुलाची चाल बिघडलेली नसते. त्याला जास्त वाहून न्यायचं असतं, इतकंच.

इथं एक गैरसमज मोडायला हवा, आणि तो मोडला नाही तर या व्याख्यानाचा काही उपयोग नाही. ‘याच्यात दमच नाही’ असं आपण म्हणतो तेव्हा हृदय, फुप्फुसं, स्नायू हे सगळं इंजिनच कमकुवत आहे असं गृहीत धरतो. अमेरिकेत मायकेल गोरान आणि सहकाऱ्यांनी २०००च्या सुमारास मुलांच्या आणि प्रौढ स्त्रियांच्या चाचण्या तपासल्या तेव्हा दिसलं, की शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं हे चरबी सोडून उरलेल्या वजनावर ठरतं. चरबी जास्त असली म्हणून इंजिनाची ताकद घटत नाही. वाढतं ते ओझं.

नाशिककरांना हे समजायला प्रयोगशाळेची गरजच नाही. द्राक्षाच्या हंगामात दोन सारख्याच पिकअप गाड्या सप्तशृंगगडाच्या नांदुरी घाटात चढताना पाहाव्यात, एक रिकामी आणि दुसरी क्रेटनी भरलेली. दोन्हींचं इंजिन एकाच कारखान्यातलं. भरलेली गाडी दुसऱ्या गिअरमध्ये धापा टाकत चढते म्हणून तिच्या इंजिनाला कुणी आळशी म्हणत नाही. आपल्या उदाहरणातल्या मुलाची कमाल क्षमता भाच्यापेक्षा थोडी जास्तच असेल, कारण वाढलेल्या वजनात थोडे स्नायू आणि हाडंही असतात. भाच्याची मिनिटाला १४५० मिलिलिटर धरली तर त्याची १७०० धरू. भाचा आपल्या क्षमतेच्या ३१ टक्क्यांवर चालतोय, म्हणून त्याला आयपीएल सुचतंय. मुलगा ४५ टक्क्यांवर आहे. त्याचं हृदय मिनिटाला कितीतरी जास्त ठोके देतंय, आणि बोलायला लागणारा श्वास चालण्यात खर्च होतोय.

ओझ्याचा विषय महाराष्ट्राला नवा नाही. २०१५ साली राज्य शासनानं निर्णय काढला, की दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त असू नये. म्हणजे ३० किलोच्या भाच्याच्या पाठीवर तीन किलोपर्यंत. त्यावर किती चर्चा झाली! शाळांच्या दारात वजनकाटे लागले, वह्यांची पानं मोजली गेली. त्याच वर्गात काही मुलं दहा-पंधरा किलो जास्तीचं ओझं अंगावर घेऊन जिने चढतात, आणि ते दप्तर त्यांना बाकावर काढून ठेवता येत नाही. नियमातली एक गोष्ट मात्र शहाणपणाची होती. ओझं मोजताना त्यानं सगळ्यांना एकच आकडा लावला नाही, प्रत्येक मुलाचं वजन पाहिलं. चालण्याच्या वेगाबाबत एवढं तारतम्य आपण अजून दाखवलेलं नाही.

ओझं कुठं आहे यालाही महत्त्व आहे. केनियातल्या लुओ आणि किकुयू बायका डोक्यावर किंवा कपाळाला अडकवलेल्या पट्ट्यावर शरीराच्या वजनाच्या वीस टक्क्यांपर्यंत ओझं नेतात आणि त्यासाठी जादा ऊर्जा जवळजवळ लागतच नाही, असं १९८६ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालं तेव्हा शास्त्रज्ञ चक्रावले होते. लहानपणापासूनच्या सवयीनं त्यांच्या चालीचा लंबकच वेगळा झालेला असतो. पेठ-सुरगाण्याकडं हंड्यावर हंडा घेऊन उतारावरून सरळ चालत येणारी बाई पाहिली की या संशोधनाची आठवण होते. मांड्या, पोट आणि दंड यांवरच्या चरबीला मात्र अशी सवलत नाही. ती पावलागणिक हलते, आणि पाय पुढं टाकताना पायाचं स्वतःचं वाढलेलं वजनही झोकावं लागतं.

ऑस्ट्रेलियात अँड्र्यू हिल्स यांनी स्थूल मुलांच्या चालण्याचं बारकाईनं चित्रण केलं. ही मुलं सावकाश पावलं टाकतात, आणि दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवर असण्याचा क्षण लांबवतात. बघणाऱ्याला ते रेंगाळणं वाटतं. खरं तर तो तोल सांभाळण्याचा शहाणा उपाय आहे. डोक्यावर भरलेली घागर असली की आपणही तसंच चालतो. बाबा मागून ‘भरभर’ म्हणतात तेव्हा ते मुलाला हा उपाय सोडायला सांगत असतात.

याखेरीज काही गोष्टी कुठल्याच आलेखात येत नाहीत. मांड्या घासतात. नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हात घामानं ओल्या झालेल्या शाळेच्या जाडसर पँटीत अर्धा तास चाललं की आतून कातडी सोलवटते आणि संध्याकाळी अंघोळीचं पाणी लागलं की चरचरतं. दहा वर्षांचा मुलगा हे कुणाला सांगत नाही. तो फक्त दुसऱ्या दिवशी ‘पोट दुखतंय’ म्हणतो. काळ्या कातडी बुटांत रुंद पाऊल चेपलं जातं, त्याबद्दलही तो बोलत नाही. चरबीचा थर अंगातली उष्णता बाहेर पडू देत नाही, म्हणून त्याला घाम आधी येतो आणि जास्त येतो. वर मागून येणारं ‘जाड्या’ आहेच. प्रस्तुत वक्त्याचं स्पष्ट मत असं, की स्थूल मुलाला चालायला लावण्याच्या मोहिमेत पहिला खर्च सैल सुती हाफ पँट आणि योग्य मापाचे कापडी बूट यांवर व्हावा. घड्याळ नंतर घेता येईल.

आता रांगेच्या दुसऱ्या टोकाकडं. महाराष्ट्रात हा विषय फक्त जाड मुलांचा करून टाकणं म्हणजे अर्धं राज्य पाहायचंच नाही असं ठरवणं. २०१९ ते २०२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी आणि २५.६ टक्के मुलं उंचीच्या मानानं रोड आढळली. त्याच पाहणीत वजन जास्त असलेली मुलं ४.१ टक्के निघाली. त्याआधीच्या पाहणीत ती १.९ टक्के होती. देशभरच्या २०१६ ते २०१८च्या पोषण सर्वेक्षणात पाच ते नऊ वर्षांची २३ टक्के मुलं रोड आणि ४ टक्के मुलं जास्त वजनाची होती. गंगापूर रोडवरच्या इंग्रजी शाळेच्या बसमध्ये एक टोक दिसतं आणि त्याच रस्त्यावर चालू असलेल्या इमारतीच्या बांधकामावर, वाळूच्या ढिगाशी खेळताना, दुसरं. दोन्हीमधलं अंतर चालत पाच मिनिटांचं असतं.

रोड मुलाला वाहून न्यायला कमी असतं, मग त्याला चालणं सोपं जायला हवं. सपाट रस्त्यावर थोडा वेळ जातंही. पण त्याच्याकडं इंजिनच लहान आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत के. सत्यनारायण आणि सहकाऱ्यांनी १९७९ साली ग्रामीण मुलांची कामाची ताकद मोजली. हृदयाचे ठोके मिनिटाला १७० होईपर्यंत मुलगा किती काम करू शकतो, हे त्यांचं माप. बालपणी उपासमार सोसलेली मुलं या मापात मागं पडली, आणि कारण मुख्यतः शरीर लहान राहिल्याचं होतं. कोलंबियातल्या काली शहरात स्पर आणि रेइना यांनी कमी वजनाच्या आणि चांगल्या वजनाच्या मुलांना उन्हाळी शिबिरात एकत्र खेळवलं, तेव्हा दिवस चढत गेला तशी कमी वजनाची मुलं मागं पडू लागली. सकाळी ती कुणाच्या नजरेत भरली नसती. आपल्याकडं पीटीचा तास सकाळी पहिला घेतला तर वर्गातली सगळी मुलं सारखीच दिसतात. शेवटच्या तासाला घेतला तर कुणाच्या डब्यात काय होतं हे मैदानावर कळतं.

खुज्या मुलाला आखूड पायांचा दंडही भरावा लागतो, आणि त्यात रक्तक्षयाची भर. देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९.१ टक्के मुलींना रक्तक्षय असल्याचं २०१९ ते २०२१च्या कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं. रक्तात ऑक्सिजन वाहणारं हिमोग्लोबिनच कमी असेल तर तेवढ्याच चालीला हृदयाला जास्त फेऱ्या माराव्या लागतात. अशी किडकिडीत मुलगी जिन्यावर धापा टाकते तेव्हा ‘नाटकं करते’ असा शेरा मिळतो. जाड मुलगा आळशी, बारीक मुलगी नाटकी! धापेचा अर्थ लावताना आपण श्वास सोडून स्वभावाकडं का वळतो कोण जाणे.

कविता राऊत यांचं नाव इथं कुणीतरी घेणारच, तेव्हा ते घेतलेलं बरं. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या सावरपाड्याची ही मुलगी. तिनं नाशिकमध्ये विजेंदर सिंग यांच्याकडं सराव केला आणि २०१०च्या दिल्लीतल्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्य, त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवलं. ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ हे नाव सगळ्या महाराष्ट्राच्या तोंडी झालं. आदिवासी पाड्यांतली मुलं मैलोन् मैल चालतात म्हणून काटक असतात, असा एक सोयीचा निष्कर्ष त्यातून निघतो. तो अर्धाच खरा आहे. चालण्यानं शरीर घडतं, पण पोटात काही असेल तर. एका कवितामागं अशा किती मुली शाळेच्या वाटेवरच थकल्या, याची नोंद कुठल्याच शर्यतीत होत नाही.

मग वजनकाटा तरी खरं सांगतो का? तोही पूर्ण नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉक्टर जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. दोघांचा वजन-उंची निर्देशांक तंतोतंत सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वैद्यकीय नियतकालिकात लेखकांनी स्वतःच्या पोटाचा पुरावा म्हणून वापर केल्याची उदाहरणं फार नसावीत. याज्ञिकांच्या गटानं पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांचा अभ्यास केला होता. तिथलं बाळ सरासरी २.७ किलोचं, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनचं ३.५ किलोचं. पुण्याकडच्या बाळाचे स्नायू कमी, पोटाचा घेर कमी, पण कातडीखालची चरबी मात्र त्यानं बऱ्यापैकी राखलेली. ‘बारीक पण चरबीदार’ असं हे भारतीय बाळ. म्हणजे काट्यावर बरोबर वजनाचा दिसणारा आपला मुलगा इंजिन लहान आणि ओझं जास्त अशा दुहेरी अडचणीत असू शकतो. गुटगुटीत बाळाच्या स्पर्धा भरवणाऱ्या आपल्या समाजाला हे पचायला जड जातं.

२०१९ साली ‘फिट इंडिया’ मोहीम सुरू झाली आणि शाळांमधून खेलो इंडियाच्या चाचण्या होऊ लागल्या. नऊ वर्षांपुढच्या मुलांसाठी त्यात ५० मीटर धावणं आहे, ६०० मीटर धावणं-चालणं आहे, पोटाचे व्यायाम आहेत, लवचीकता आहे आणि वजन-उंची निर्देशांकही आहे. मुलांची तंदुरुस्ती कुणीतरी मोजतंय ही चांगलीच गोष्ट. पण ६०० मीटरला गुण मिळतात ते सेकंदांना. ४८ किलोचा मुलगा तीन फेऱ्या जिवाच्या आकांतानं पुऱ्या करतो आणि तळाच्या गटात जातो. ३० किलोचा मुलगा गप्पा मारत पुऱ्या करतो आणि मधल्या गटात येतो. दोघांतला कोण जास्त राबला, याला कागदावर रकाना नाही. निर्देशांकाचा रकाना शेजारीच असतो, तरी दोन रकान्यांची गाठ कुणी घालत नाही.

स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंगच्या सेंट निनियन्स प्राथमिक शाळेत मुख्याध्यापिका इलेन वायली यांनी फेब्रुवारी २०१२ मध्ये एक साधी गोष्ट सुरू केली. वर्गातली मुलं रोज पंधरा मिनिटं बाहेर पडून आपापल्या वेगानं चालतात किंवा पळतात. कपडे बदलायचे नाहीत, शर्यत नाही, क्रमांक नाही. पुढं जगभरच्या हजारो शाळांनी ही पद्धत उचलली. तिच्यातली युक्ती अंतराऐवजी वेळ धरण्यात आहे. अंतर ठरवलं की कुणीतरी शेवटचा येणारच. पंधरा मिनिटं ठरवली की सगळे एकदमच संपवतात. पाच ते सतरा वयाच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२०मध्ये पुन्हा सांगितलं, तेही मिनिटांतच. किलोमीटरचा त्यात उल्लेख नाही, आणि दहा हजार पावलांचा तर नाहीच. तो आकडा १९६५ साली जपानमधल्या एका पाऊलमापकाच्या नावातून आलेला आहे.

घरच्यांनी मग तीव्रता ओळखायची कशी? नाडी मोजता येते, पण ‘२२० वजा वय’ हे सूत्र मुलांना लावू नये. मुलांचा कमाल ठोका वय काहीही असलं तरी दोनशेच्या आसपासच राहतो. त्यापेक्षा बोलण्याची कसोटी बरी. चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, तो मध्यम व्यायाम. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, तो जोरदार. नाशिकमध्ये यासाठी पाढे वापरायला हरकत नाही. तेराचा पाढा एका दमात सहज म्हटला तर वेग वाढवायला वाव आहे. ‘तेरा चोक’पाशी श्वास तुटला तर तेवढं पुरे. (पाढाच येत नसेल तर कसोटी निरुपयोगी ठरते, आणि अशी घरं गंगापूर रोडवर कमी नाहीत.) आपल्या उदाहरणातल्या दोघांना या कसोटीवर वेगवेगळे वेग मिळतील, भाच्याला कदाचित ताशी साडेपाच, मुलाला चार. त्या वेगानं दोघं सारखाच व्यायाम करतील. बरोबरीनं चालण्याचा हाच एक अर्थ शरीराला कळतो.

गुडघ्यांचाही विचार हवा. कोलोरॅडो विद्यापीठात ब्राउनिंग आणि क्रॅम यांनी स्थूल प्रौढांवर केलेल्या प्रयोगांत सावकाश चाललं की गुडघ्यावरचा भार उतरतो हे दिसलं, आणि पुढच्या कामातून बेताच्या चढावर हळू चालण्याचा मार्ग पुढं आला; कष्ट तेवढेच, गुडघ्याला त्रास कमी. नाशिकमध्ये चढ म्हटलं की पांडवलेणी आठवते. चढायला ती छान आहे, उतरताना मात्र पायऱ्यांवर प्रत्येक पाऊल आदळतं, तेव्हा जास्त वजनाच्या मुलाला उतरताना घाई करायला लावू नये. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला घरची पोरं बरोबर निघतात. वीसेक किलोमीटरची ती वाट रात्रभर चालताना कुणी घड्याळ पाहत नाही. चहाच्या टपरीवर मागचे येईपर्यंत पुढचे थांबतात, आणि जाड काय, बारीक काय, सगळी मुलं सकाळपर्यंत फेरी पुरी करतात.

गंगापूर रोडवर मात्र मुलानं चालायचं कुठं, हा प्रश्न उरतोच. पदपथावर दुचाकी लागलेल्या, कडेला हातगाड्या, संध्याकाळी धरणाकडं आणि वायनरीकडं जाणाऱ्या गाड्यांची रीघ. अशा रस्त्यावर मुलाला स्वतःचा वेग धरताच येत नाही. तो रिक्षा चुकवण्याच्या वेगानं चालतो. म्हणून सोसायटीचं पार्किंग, शाळेची ओसरी नाहीतर नदीकडेची मोकळी जागा शोधावी. तिथं टेपनं तीस मीटर मोजावेत आणि दोन टोकांना खडूच्या रेघा माराव्यात. फुप्फुसांच्या रुग्णांसाठी अमेरिकन थोरॅसिक सोसायटीनं २००२मध्ये ज्या सहा मिनिटांच्या चालण्याच्या चाचणीचे नियम घातले, तिला एवढीच जागा लागते. मुलानं सहा मिनिटं या रेघेपासून त्या रेघेपर्यंत चालायचं. दमलं तर उभं राहायचं, पुन्हा निघायचं; घड्याळ थांबवायचं नाही. ‘चल, चल’ ओरडायचं नाही, फक्त मिनिट सरलं की ‘छान चाललंय, पाच मिनिटं राहिली’ एवढंच सांगायचं. किती फेऱ्या झाल्या ते वहीत लिहायचं, भावाचा आकडा शेजारी लिहायचा नाही. महिन्यानं त्याच रेघांवर, तेच बूट घालून, पुन्हा सहा मिनिटं.